महिना नक्की किती वाजता सुरू होतो? एसएलओला कॅलेंडर इंटरव्हल लावताना

आमची सेवा मार्चमध्ये किती नीट चालली याचा रिपोर्ट ग्राहकाला पाठवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. "साहेब, तुमच्या कागदावर मार्च लाल आहे, आमच्या नोंदीत एप्रिल लाल आहे. नक्की कुठला महिना धरायचा?" बिघाड झाला होता १ एप्रिलला पहाटे २:०५ ते २:५३. आमचं अंधेरीचं ऑफिस, त्यांची फोर्टमधली खोली, दोन्हीकडच्या भिंतीवर तेव्हा एप्रिल लागला होता. पण मॉनिटरिंगचा महिना यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत होता आणि तिथे अजून ३१ मार्चची रात्र होती, ८:३५ ते ९:२३. महिन्याची सीमा मीच लावली होती आणि तेव्हा हा विचार केला नव्हता. दंडाची रक्कम महिन्यावर ठरत होती, त्यामुळे पुढचे दोन आठवडे फक्त पत्रव्यवहारात गेले.

हा लेख त्या दोन आठवड्यांतून आला आहे. एसएलओ (सेवा किती टक्के नीट चालावी याचं लक्ष्य) म्हणजे काय, एरर बजेट (त्या लक्ष्यात बिघाडाला उरणारी मोकळीक) म्हणजे काय, हे वाचणाऱ्याला माहीत आहे असं धरून चालतो. इथे फक्त कॅलेंडर इंटरव्हलबद्दल बोलू: तो कधी लावायचा, कसा लावायचा आणि मुंबईत बसून लावताना कुठे पाय अडकतो.

आधी ठरवा, कॅलेंडर हवं का?

वाण्याची वही आठवा. महिनाभर उधारी चढते, एक तारखेला हिशोब होतो आणि नवं पान सुरू होतं. कॅलेंडर इंटरव्हल तसाच असतो. ठरलेल्या क्षणी पान उलटतं आणि एरर बजेट पुन्हा पूर्ण मिळतं. रोलिंग इंटरव्हलला पानच नसतं. तो कुठल्याही क्षणी मागचे ठरावीक दिवस मोजतो. जुना वाईट दिवस मागून गळतो तेव्हा बजेट हळूहळू परत येतं.

ज्याच्याशी करार आहे, बिल आहे, दंड आहे किंवा दर महिन्याला वरिष्ठांपुढे आकडा ठेवायचा आहे, त्याला कॅलेंडर द्या. "मार्चमध्ये सेवा कशी होती?" या प्रश्नाला रोलिंग खिडकी सरळ उत्तर देऊ शकत नाही. ऑन-कॉल टीमला, म्हणजे बिघाड झाला की धावणाऱ्या लोकांना, मात्र रोलिंग द्या. आपल्या सेवेचा वापरकर्ता एक तारखेला मागचं विसरत नाही, मग टीमनेही विसरू नये. माझ्या मते एकाच एसएलआयवर (सेवा मोजण्याच्या मापावर) दोन एसएलओ असावेत: करारासाठी महिन्याचा कॅलेंडर आणि टीमसाठी २८ दिवसांचा रोलिंग. ३० ऐवजी २८ अशासाठी, की त्यात प्रत्येक वार बरोबर चार वेळा येतो. नाहीतर एखाद्या खिडकीत पाच सोमवार येतात आणि पुढचीत चार, मग तुलना फसते.

दोन्ही का लागतात, हे एका उदाहरणातून पाहा. समजा सेवा ३१ मार्चला रात्री ११:३० ला पडली आणि १ एप्रिलला १२:३० ला उभी राहिली. ९९.९ टक्क्यांचं लक्ष्य असेल तर मार्चचं बजेट ४४ मिनिटं ३८ सेकंद, एप्रिलचं ४३ मिनिटं १२ सेकंद. दोन्ही महिन्यांच्या वाट्याला अर्धा-अर्धा तास आला, म्हणजे दोन्ही हिरवे. पण लोकांनी सलग एक तास बंद ॲप पाहिलं. २८ दिवसांच्या रोलिंग खिडकीचं बजेट ४० मिनिटं १९ सेकंद, त्यामुळे तिथे हा तास लगेच लाल दिसतो.

महिन्यागणिक बजेट बदलतं

हा मुद्दा छोटा आहे, पण करारात लिहून ठेवा. वेळेवर मोजता तेव्हा ९९.९ टक्क्यांना २८ दिवसांच्या फेब्रुवारीत ४० मिनिटं १९ सेकंद मिळतात, ३१ दिवसांच्या महिन्यात ४४ मिनिटं ३८ सेकंद. ९९.५ ला ३० दिवसांत ३ तास ३६ मिनिटं, ९९.९५ ला २१ मिनिटं ३६ सेकंद. "दर महिन्याला ४३ मिनिटं" असं कोणी तोंडी ठरवलं असेल तर फेब्रुवारीत वाद होणार.

मुळात वेळ मोजायची की रिक्वेस्ट, हे त्याआधी ठरवा. शेअर दलालाच्या ॲपचं उदाहरण घ्या. एनएसईचा नेहमीचा बाजार सकाळी ९:१५ ते दुपारी ३:३०, म्हणजे ३७५ मिनिटं. वेळेवर आधारलेल्या एसएलओत पहाटे तीनचं एक मिनिट आणि ९:१६ चं एक मिनिट सारख्याच वजनाचं. ग्राहकासाठी ते सारखं मुळीच नाही. अशा ठिकाणी रिक्वेस्टवर आधारलेला एसएलओ घ्या, म्हणजे गर्दीच्या वेळचा बिघाड आपोआप जड होतो. उलट पैसे पाठवण्याच्या सेवेत "रात्री कोण वापरतंय" हे आता चालत नाही. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून आणि आरटीजीएस १४ डिसेंबर २०२० पासून चोवीस तास चालू आहे.

हा निर्णय आधी घ्यायला सांगतो त्याला कारण आहे. ॲमेझॉनच्या क्लाउडवॉच या मॉनिटरिंग साधनात वेळेवरचा एसएलओ नंतर रिक्वेस्टवरचा करता येत नाही, उलटही नाही. नवा बनवावा लागतो आणि मग महिन्याच्या मध्येच दोन आकडे हातात येतात.

सीमारेषा: १८:३० चा प्रश्न

भारतीय प्रमाणवेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे. आपल्याकडे घड्याळ उन्हाळ्यात पुढे-मागे होत नाही, एवढी एक सोय आहे. पण त्या अर्ध्या तासाने बरंच काही होतं.

मुंबईत १ एप्रिल २०२६ चे रात्रीचे १२ वाजतात, तेव्हा यूटीसीत ३१ मार्चचे १८:३० वाजलेले असतात. संगणकाच्या पद्धतीने, १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत लिहायचं तर १७७४९८१८००. यूटीसीचा १ एप्रिल सुरू होतो १७७५००१६०० ला. फरक १९,८०० सेकंदांचा. हा आकडा एकदा सिस्टीममध्ये गेला की तो फक्त एक क्षण असतो, तो मुंबईतला आहे हे त्याच्यावर लिहिलेलं नसतं. तुम्ही वेळ "+०५:३०" जोडून दिली तरी आत जाताना तिचा असाच आकडा होतो.

आता महिना पुढे कसा सरकतो ते कागदावर करून पाहा. समजा तुम्ही मे महिन्यापासून सुरुवात करायची म्हणून ३० एप्रिल १८:३० यूटीसी हा आरंभ दिला, म्हणजे मुंबईतली १ मेची मध्यरात्र. त्यात एक महिना मिळवा: ३० मे १८:३० यूटीसी. मुंबईत ते ३१ मेचे रात्रीचे १२ झाले, १ जूनचे नव्हे! मेचा शेवटचा अख्खा दिवस जूनच्या पानावर गेला. आरंभ ३१ मार्च १८:३० असा दिला आणि दर वेळी त्याच मूळ तारखेपासून महिने मोजले, लहान महिन्यात शेवटचा दिवस धरला, तर मात्र सगळं जुळतं: ३० एप्रिल, ३१ मे, ३० जून. तेव्हा मध्यरात्रीचीच सीमा हवी असेल तर आरंभ नेहमी ३१ तारखेचा द्या आणि ३० दिवसांच्या महिन्यानंतर व फेब्रुवारीनंतर डोळ्यांनी तपासा.

माझा सल्ला याहून सोपा आहे. करारात मोकळीक असेल तर महिना १ तारखेला पहाटे ५:३० ला सुरू होतो असं लिहून घ्या. यूटीसीत ती १ तारखेची ००:०० होते, आणि १ तारीख प्रत्येक महिन्यात असते. मागच्या महिन्याला साडेपाच तास पहाटेचे मिळतात, पण दर महिन्याला तेवढेच मिळतात आणि कुणाचंही एक मिनिट मोजायचं राहत नाही. आम्ही त्या पत्रव्यवहारानंतर करारात एवढंच एक वाक्य घातलं: "या करारातील महिना दर १ तारखेला भारतीय वेळेनुसार सकाळी ५:३० वाजता सुरू होईल व पुढील महिन्याच्या १ तारखेला त्याच वेळी संपेल." ग्राहकाच्या वकिलांनी ते एका बैठकीत मान्य केलं.

क्लाउडवॉचमध्ये कसं लावायचं

क्लाउडवॉचच्या ॲप्लिकेशन सिग्नल्स या भागात एसएलओच्या पानावर जा, नवा एसएलओ सुरू करा. एसएलआय निवडा: लेटन्सी (उत्तराला लागणारा वेळ), उपलब्धता किंवा तुमचं स्वतःचं मेट्रिक. वेळेवर मोजत असाल तर मोजणीचा तुकडा एक किंवा पाच मिनिटांचा ठेवा. तासाचा घेऊ नका. तासाचे तुकडे यूटीसीच्या तासावर बसतात आणि मुंबईची मध्यरात्र तासाच्या बरोबर मध्ये येते.

पुढे इंटरव्हल विचारला जातो. इथे काही न देता पुढे गेलात तर सात दिवसांचा रोलिंग लागतो, तेव्हा थांबून कॅलेंडर निवडा. आरंभाची तारीख-वेळ, लांबी आणि लांबीचं एकक द्यायचं असतं. महिन्यासाठी लांबी १, एकक महिना. आठवडा हे एककच नाही, म्हणून आठवड्यासाठी लांबी ७, एकक दिवस, आणि आरंभ ज्या वाराचा द्याल त्याच वारी प्रत्येक आठवडा सुरू होईल. सोमवारपासून हवा असेल तर आरंभही सोमवारचाच द्या. ६ एप्रिल २०२६ हा सोमवार आहे. त्याची मुंबईतली मध्यरात्र यूटीसीत रविवार, ५ एप्रिल, १८:३०. इथे यूटीसीची तारीख रविवार दिसते म्हणून कोणीतरी "दुरुस्ती" करून सोमवार टाकतो आणि आठवडा अख्खा एक दिवस पुढे सरकतो. एसएलओच्या वर्णनात "आरंभ: सोमवार रात्री १२, भारतीय वेळ" असं स्पष्ट लिहून ठेवा. एक इंटरव्हल संपला की पुढचा आपोआप सुरू होतो, दर वेळी काही करावं लागत नाही.

मग लक्ष्य. इथे टक्के द्यायचे: ९९.९. त्याखाली इशाऱ्याची पातळी असते, ती उरलेल्या बजेटची टक्केवारी आहे. न दिल्यास ५० धरली जाते. महिन्याच्या कॅलेंडर इंटरव्हलला मी ती ३० वर ठेवतो. ५० वर ठेवली की बजेट ठरल्या गतीने खर्च झालं तरी महिन्याच्या मध्याला इशारा येतो आणि लोक तो वाचणं सोडतात.

करारात नियोजित देखभालीची सूट असेल तर त्या वेळेसाठी एसएलओतून वगळण्याची खिडकी आधीच लावा आणि कारणाच्या रकान्यात बदलाचा तिकीट क्रमांक टाका. सहा महिन्यांनी हिशोब विचारणारा येतो तेव्हा तोच रकाना कामी येतो.

गूगल क्लाउडमध्ये

इथे वेगळं आहे. एसएलओ बनवताना कम्प्लायन्स पीरियडमध्ये (मोजणीच्या काळात) कॅलेंडर किंवा रोलिंग यांपैकी एकच निवडता येतं. कॅलेंडरमध्ये दिवस, आठवडा, पंधरवडा, महिना हे चारच पर्याय, रोलिंग १ ते ३० दिवस. आठवडा सोमवारी सुरू होतो. पंधरवडा वर्षाच्या पहिल्या आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकातल्या) आठवड्यापासून मोजला जातो, तेव्हा "१ ते १५, १६ ते अखेर" असा आपला पंधरवडा त्यात बसत नाही. पगाराच्या पंधरवड्याशी तो जोडू नका. टेराफॉर्ममधून (सेटिंग कोडमध्ये लिहून लावायचं साधन) करत असाल तर कॅलेंडर आणि रोलिंग ही दोन वेगळी फील्ड आहेत, एक भरलं की दुसरं रिकामं ठेवायचं.

लक्ष्य एपीआयमध्ये अपूर्णांकात द्यायचं, ०.९९९. क्लाउडवॉचमध्ये टक्के, इथे अपूर्णांक. दोन्हीकडे काम करणाऱ्या टीममध्ये ही चूक हमखास होते: तिकडे ०.९९९ टाकलं की त्याचा अर्थ एक टक्क्याहूनही कमी, आणि मग तो एसएलओ कधीच लाल होत नाही. कायम हिरवा एसएलओ दिसला तर सर्वात आधी हा आकडा पाहा.

आरंभाचा क्षण द्यायची सोय इथे नाही. म्हणून करारात मुंबईची मध्यरात्र लिहिली असेल तर या एसएलओचा आकडा थेट रिपोर्टमध्ये घालू नका. टीमला पाहायला तो ठेवा आणि रिपोर्टसाठी चांगल्या व एकूण रिक्वेस्टची संख्या यूटीसी १८:३० ते १८:३० अशी स्वतः काढा.

तुमची टीम ओपनएसएलओ या एसएलओ लिहिण्याच्या खुल्या मानकाच्या स्वरूपात व्याख्या लिहीत असेल तर एक चांगली गोष्ट आहे: त्यात कॅलेंडरच्या खिडकीसाठी आरंभाची वेळ आणि टाइम झोन असे दोन वेगळे रकाने आहेत. तिथे एशिया/कोलकाता लिहा. साधन काहीही असो, मूळ हेतू कुठेतरी नोंदलेला राहतो.

एक तारखेची सकाळ

कॅलेंडर इंटरव्हलचा सर्वात फसवा काळ म्हणजे पहिले काही तास. समजा मध्यरात्री पान उलटलं. सकाळी १० पर्यंत ६०० मिनिटं झाली, त्यांतली ३ वाईट. टक्केवारी ९९.५. लक्ष्य ९९.९, म्हणजे स्क्रीन लाल. पण महिन्याच्या ४३ मिनिटं १२ सेकंदांपैकी गेली ३ मिनिटं, म्हणजे सुमारे ७ टक्के. घाबरण्यासारखं काही नाही. आमच्याकडे नव्याने आलेली एक मुलगी पहिल्याच एक तारखेला धावत आली, "दादा, महिना गेला!" तिला शांत करून बजेटचा रकाना दाखवला. तेव्हापासून आमच्या डॅशबोर्डवर कॅलेंडर एसएलओची टक्केवारी छोट्या अक्षरांत आणि उरलेलं बजेट मोठ्या अक्षरांत असतं.

रिक्वेस्टवरच्या एसएलओत हे आणखी तीव्र होतं, कारण महिनाभरात एकूण रिक्वेस्ट किती येणार हे एक तारखेला कोणालाच माहीत नसतं. बजेट रहदारीबरोबर वाढत जातं. पहाटेच्या दोनशे रिक्वेस्टमध्ये दोन चुकल्या की ९९ टक्के.

म्हणून कॅलेंडरच्या टक्केवारीवर रात्री कोणालाही उठवणारा अलार्म लावू नका. उठवायचं ते बर्न रेटवर. बर्न रेट म्हणजे अलीकडच्या खिडकीतला चुकांचा दर भागिले परवानगी असलेला दर, त्याला महिन्याच्या सीमेशी देणंघेणं नाही. ९९.९ च्या लक्ष्याला तासभर १.४४ टक्के रिक्वेस्ट चुकत राहिल्या तर बर्न रेट १४.४, आणि त्या एका तासात ३० दिवसांच्या बजेटचे २ टक्के जळतात. यावर फोन वाजू द्या. सहा तासांच्या खिडकीत बर्न रेट ६, म्हणजे ५ टक्के गेले, यावरही. कॅलेंडरचा इशारा ईमेलने आला तरी पुरे.

तिमाही आणि जुना डेटा

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च, त्यामुळे जूनअखेर कोणीतरी तिमाहीचा आकडा मागतंच. तीन महिन्यांच्या टक्केवारीची सरासरी काढू नका. एप्रिलमध्ये १ कोटी रिक्वेस्टवर ९९.९ आणि मेमध्ये ३ कोटींवर ९९.५ असेल तर सरासरी ९९.७ येते. प्रत्यक्षात चुकल्या १०,००० अधिक १,५०,०००, म्हणजे ४ कोटींत १,६०,०००. खरा आकडा ९९.६. नेहमी चांगल्या आणि एकूण रिक्वेस्ट वेगवेगळ्या बेरजेने जोडा.

त्यासाठी मूळ संख्या हाताशी हव्यात आणि इथे लोक उशीर करतात. क्लाउडवॉच एक मिनिटाचा डेटा १५ दिवस ठेवतो, पाच मिनिटांचा ६३ दिवस, त्यानंतर ४५५ दिवसांपर्यंत फक्त तासाचा. पाच मिनिटांच्या तुकड्यांत १८:३० ची सीमा स्वच्छ पाडता येते. तासाच्या तुकड्यात नाही, कारण १८:०० ते १९:०० हा एकच ठोकळा उरतो आणि त्यातला अर्धा भाग कुठल्या महिन्याचा हे कुणीच सांगू शकत नाही. जूनअखेर बसून एप्रिलचा हिशोब काढायला गेलात तर एप्रिलचा बहुतेक पाच मिनिटांचा डेटा गेलेला असेल. म्हणून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मागच्या महिन्याच्या संख्या काढून वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. बिघाड झाला असेल तर त्या तासांचा मिनिटांचा डेटा १५ दिवसांच्या आत उतरवा.

लावल्यानंतर तपासा

आरंभ पुढच्या महिन्याचा देऊन विसरून जाऊ नका. आधी चाचणीच्या सेवेवर एक दिवसाचा कॅलेंडर एसएलओ बनवा, तुमच्या खऱ्या सीमेच्याच वेळेला सुरू होणारा. सीमेच्या दहा मिनिटं आधी मुद्दाम काही चुकीच्या रिक्वेस्ट पाठवा, सीमेनंतर दहा मिनिटांनी पुन्हा थोड्या, पण वेगळ्या संख्येने. आधी ५०, नंतर २०. दुसऱ्या दिवशी दोन्ही इंटरव्हलमध्ये कुठली संख्या पडली ते पाहा. ५० आणि २० एकाच पानावर आल्या तर सीमा चुकली आहे. मेट्रिक पोहोचायला काही मिनिटं लागतात, त्यामुळे आकडे लगेच बघू नका.

खऱ्या महिन्याच्या पहिल्या उलटणीला एक माणूस जागा असू द्या. ५:३० ची सीमा असेल तर हे सोपं जातं. आमच्याकडे पहाटेच्या शिफ्टचा मुलगा बदलापूरहून निघतानाच ट्रेनमध्ये फोनवर डॅशबोर्ड उघडतो. ५:२५ ला उरलेल्या बजेटचा स्क्रीनशॉट, ५:४५ ला दुसरा, दोन्ही रिपोर्टच्या फोल्डरमध्ये. मध्यरात्रीची सीमा ठेवली असेल तर हेच ३० दिवसांच्या महिन्यानंतर आणि फेब्रुवारी संपताना पुन्हा करा, कारण तारीख सरकलीच तर ती तिथेच सरकते.